लंडनात संकष्टी

लेकीला अचानक ड्युटी लागली आणि लंडन बघायला आम्हा दोघांनाच निघावं लागलं. त्यात जुलैची संकष्टी. "परदेशात राहू दे गं उपास," हे म्हणाले. दाभोळात इतकी वर्षं मोडला नाही तो इथे कशाला मोडू? डब्यात साबुदाण्याची खिचडी भरली, चार केळी घेतली आणि नऊला हॅरो स्टेशन गाठलं.

तिथेच पहिली अडचण. लेकीने बँकेचं एकच कार्ड दिलेलं. यांनी ते फाटकाला टेकवलं, पलीकडे गेले आणि कार्ड वरून माझ्या हातात दिलं. मी टेकवलं तर फाटक ढिम्म. मागे रांग. फेरीबोट सुटावी आणि आपण धक्क्यावर राहावं, तशी माझी गत. शेवटी तिथल्या माणसाने समजावलं, माणशी एक कार्ड लागतं, दिवसभर तेच वापरायचं आणि बाहेर पडतानाही टेकवायचं, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. मग मशीनमधून माझ्यापुरतं ऑयस्टर कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, काढलं. जाणाऱ्यांनी हे घरूनच ठरवून निघावं.

आमची गाडी मेट्रोपॉलिटन लाइनची. बेकर स्ट्रीट ते किंग्ज क्रॉस हा तिचा तुकडा १८६३ सालचा, जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचा. तेव्हा त्या भुयारात वाफेची इंजिनं धावायची, प्रवासी कसे खोकत असतील देव जाणे. आपल्या कोकणात रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं.

किंग्ज क्रॉसला नॉर्दर्न लाइन पकडायची होती. या लाइनला कॅम्डन टाउनपुढे दोन फाटे फुटतात, हे गाडी केंटिश टाउनला थांबली तेव्हा कळलं. आम्हाला जायचं होतं चॉक फार्मला, म्हणजे एजवेअरची गाडी हवी होती आणि आम्ही बसलो होतो हाय बार्नेटच्या. डब्यावरची पाटी वाचायची सोडून मी यांच्याशी वाद घालत होते. एक स्टेशन मागे येऊन पुन्हा गाडी बदलली.

चॉक फार्मचा हट्ट माझा. माझं माहेर मंडणगड तालुक्यातलं, आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवेही त्याच तालुक्यातलं. स्टेशनपासून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर लागतं. १९२१-२२ मध्ये ते इथे राहिले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसच्या दिवस वाचायचे, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध पुढे १९२३ मध्ये छापून आला. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर विकत घेतलं. रस्ता अगदी शांत, एकाला एक लागून घरं, आणि भिंतीवर थोरांच्या घरांना लावतात ती निळी गोल पाटी. दारात यांनी सवयीने बूट काढले. कुणी सांगितलं नव्हतं. मीही काढले. आतल्या खोल्या लहानच. मंडणगडहून दापोलीला यायचं म्हणजे माझ्या लहानपणी केवढा प्रवास वाटायचा, ते मला त्या जिन्यावर आठवत राहिलं.

तिथून बँक नावाच्या स्टेशनमार्गे जाणारी गाडी बघून घेतली, या वेळी पाटी दोनदा वाचून, आणि लंडन ब्रिजला उतरलो. दुपारचे बारा वाजायला आले होते. नदी दिसली आणि हे कठड्याला चिकटले ते हलेचनात. जन्म गेला वाशिष्ठीच्या मुखाशी बोटीवर. "सुकती आहे बघ," म्हणाले, म्हणजे ओहोटी. खाली चिखल उघडा पडलेला, भिंतीवर पाण्याची ओली रेघ माणसाच्या दुप्पट उंच. थेम्सला इथे सात मीटरपर्यंत भरती चढते, आणि ती वर टेडिंग्टनपर्यंत जाते. आपल्याकडे उधाणालाही एवढं पाणी चढत नाही.

चिखलात दोघंतिघं वाकून काहीतरी वेचत होती. मला वाटलं तिसऱ्या, आपले खायचे शिंपले! निघाल्या जुन्या मातीच्या चिलमी. त्या वेचायलासुद्धा बंदर खात्याचा परवाना लागतो म्हणे.

यांचा हिशोब साधा, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे तीन वाजता. "मग इथे आत्ताच सुकती का?" हा प्रश्न यांनी दिवसभर सोडला नाही. तिकडे टॉवर ऑफ लंडन होता, पण तिथे ठेवलेला कोहिनूर बघायला त्यांनाच पैसे द्यायचे हे मला पटेना, म्हणून तो बाहेरूनच पाहिला. बाकावर बसून खिचडी खाल्ली. टॉवर ब्रिज १८९४ चा. मोठी बोट यायची असेल तर चोवीस तास आधी कळवायचं, पूल फुकट उघडतात आणि तेवढा वेळ मोटारी थांबतात. हे ऐकून यांचा चेहरा खुलला. "बोटीला मान आहे इथे!"

ग्रिनिचला आम्ही नदीतल्या बोटीनेच गेलो, तिलाही कार्ड टेकवून. शून्य रेखांशाची जागा वेधशाळेच्या अंगणात आहे आणि अंगणात जायला तिकीट लागतं, म्हणून आम्ही बाहेरच राहिलो. यांनी फोनवर रेखांश काढला तर शून्य येईना! शंभरेक मीटर पूर्वेला चालल्यावर आला. जुनी रेघ दुर्बिणीने आणि ओळंब्याने ठरवलेली, उपग्रहांचा हिशोब पृथ्वीच्या केंद्रापासूनचा, म्हणून हा फरक. ते तिकीट न काढल्याची मला मुळीच खंत नाही.

परतीला सहाच्या सुमारास लंडन ब्रिजला आलो तर चिखल गायब, पाणी भिंतीला टेकलेलं. यांनी घड्याळ पाहिलं. "पाऊणपट बरोबर आहे, पण वर तीन तास."

घरी येऊन पाहिलं तर लंडनचा चंद्रोदय अकराच्या पुढे. गणपतीबाप्पा, एवढी परीक्षा! मोदकांचं सारण झालं, उकड झाली, तरी आकाशात उजेडच. सव्वाअकरा उलटल्यावर समोरच्या घराच्या धुराड्यामागून चंद्र वर आला. अर्घ्य दिलं. वरणभात वाढेपर्यंत लेक ड्युटीवरून दमून दारात उभी, आणि हे टेबलाशी वहीत लिहीत होते: लंडन ब्रिज, चतुर्थी, पूर्ण भरती सहा.