घर किती मोठे घ्यावे?

गेले चार महिने आम्ही घर पाहत आहोत, आणि पहिल्या दिवसापासून आमची चर्चा 'दोन बेडरूम की तीन' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. आम्ही दोघे, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशी पाच माणसे मोजली, की उत्तर 'तीन' येते. प्रत्यक्षात टेप घेऊन फिरू लागल्यावर मात्र हे उत्तर अपुरे आहे, असे माझ्या लक्षात आले.

एका फ्लॅटमधील खोली ८ फूट रुंद आणि १५ फूट लांब होती, तर दुसऱ्या फ्लॅटमधील १० बाय १२ फुटांची. क्षेत्रफळ दोन्हींचे १२० चौरस फूटच. साडेसहा फूट लांबीचा पलंग पहिल्या खोलीत आडवा ठेवला तर पायथ्याशी जेमतेम दीड फूट उरतो आणि तेथून अंग चोरूनच जावे लागते. दुसऱ्या खोलीत त्याच ठिकाणी साडेतीन फूट मोकळे राहतात. कपाटाची खोली साधारण २ फूट धरली, तरी त्याची दारे उघडून समोर उभे राहायला आणखी तेवढीच जागा लागते. म्हणून आता मी प्रत्येक खोलीत आधी पलंग आणि कपाट कोणत्या भिंतीला लागेल ते पाहते आणि दारे-खिडक्या वगळून सलग भिंत किती उरते, ते लिहून घेते. पॅसेजही मोजते, कारण १५ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पॅसेज साडेबावन्न चौरस फूट जागा घेतो, आणि तेवढ्या जागेत मुलांच्या अभ्यासाची छोटी खोली झाली असती. सांगितलेल्या क्षेत्रफळात जिना, लिफ्ट आणि भिंतींची जाडी धरलेली असेल, तर तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही. आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंतचे मापच मी खरे धरते.

सकाळच्या एका तासात सर्वांना एकाच वेळी आवरायचे असते, त्यामुळे दुसऱ्या बाथरूमवर मी तडजोड करणार नाही, मग तिसरी बेडरूम थोडी लहान असली तरी चालेल.

सर्वांत अधिक विचार मात्र येणाऱ्या वर्षांचा करावा लागला. कर्ज २० वर्षांचे घेतले, तर ते फिटेल तेव्हा मुलगी ३१ वर्षांची असेल आणि बहुधा दुसरीकडे राहत असेल. आज भावंडे एका खोलीत आनंदाने झोपतात, पण तीन-चार वर्षांत मुलीला स्वतःचे दार बंद करता येणे आवश्यक वाटेल, आणि ती निघून गेल्यावर तीच खोली आमच्यापैकी कोणाच्या तरी कामाची असेल. शिवाय जास्तीच्या प्रत्येक चौरस फुटाचा भार हप्त्यावर, देखभालीवर आणि रोजच्या झाडलोटीवर पडतोच, म्हणून किती हप्ता निश्चिंतपणे भरता येईल हे आम्ही आधी ठरवले आणि त्यापुढची घरे कितीही आवडली, तरी पाहायला गेलो नाही.

सासूबाई आज काठी न घेता चालतात. पुढे चाकाच्या खुर्चीची वेळ आली, तर ती वळवायला सुमारे ५ फूट व्यासाची मोकळी जागा आणि किमान ३२ इंच मोकळे दार लागते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक बाथरूमची दारे अडीच फुटांहूनही अरुंद होती. हा विषय त्यांच्यासमोर कसा काढावा, याचा मला संकोच होता, पण त्यांनी स्वतःच विचारले, "माझ्या खोलीपासून बाथरूम किती पावलांवर आहे गं?"

सध्या मनात असलेल्या घरात तीन लहान बेडरूम आणि दोन बाथरूम आहेत. तेथे त्यांच्या खोलीपासून बाथरूम नऊ पावलांवर आहे, आणि दाराची चौकट काढून ते रुंद करता येईल का, हे विचारायला आम्ही शनिवारी पुन्हा जाणार आहोत.