कापणीच्या सणाचा रविवार

नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधला कापणीचा सण आठवला की आधी वास येतो: नव्या बाजरीचा, उसाच्या पाल्याचा आणि चर्चमागं चुलवणावर शिजणाऱ्या डाळीचा. काही गावं बाजरी घरात आली की सण करत, काही ज्वारीची वाट बघत. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, मग खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. हातात रोकड कमी, म्हणून दान पायलीनं यायचं.

शनिवारी तरुण संघ वेदीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच ऊस उभे करी, शेंडे वर गुंतवून कमान. बुडं वाळूच्या डब्यात पक्की रोवली नाहीत तर दुसऱ्या गीतालाच कमान कलते. ओल्या शेंगा धान्याच्या पोत्याला टेकवायच्या नाहीत, ओल लागते. दानात आलेला कोंबडा पाटीखाली झाकून ठेवायचा. उघडा राहिला तर नेमका प्रार्थनेत आरवतो.

उपासनेत बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातलं प्रथमफळांच्या टोपलीचं वाचन, मग मुलांची टोपल्या घेऊन मिरवणूक. आणि ज्याची सगळे वाट बघत तो दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव. भाजी, दूध, अंडी आधी. धान्य शेवटी, कारण उरलं तर बाजारात विकता येतं. एकच अंडं चार-चारदा विकलं जाई. घेणारा पैसे भरून ते परत वेदीवर ठेवी आणि पुन्हा ‘एक वार, दोन वार’. खरी कमाई त्या अंड्याचीच!

घोळ व्हायचा तो उधारीत. बोली जोरात लागते, नाव लिहायचं राहतं. म्हणून पुकारणारा एक, लिहिणारे दोन, वह्याही दोन: नाव, वस्तू, रक्कम, रोख की बाकी. ताळा जेवणाआधीच घ्यायचा. पंगत उठली की माणसं पांगतात.

पण लिलावाच्या आकड्यावर खूश होणारी मंडळी फसते. पाळकांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, सण वर्षातून एकदा. दरमहा वर्गणीची पाकिटं सुरू नसतील तर पावसाळ्यात खजिनदाराची पेटी रिकामी. माणसांचंही तसंच. त्याच दिवशी वर्षाच्या पाळ्या ठरत: झाडलोट, घंटा, शब्बाथशाळा (रविवारची धर्मशिक्षणाची शाळा), आजाऱ्यांच्या भेटी. उत्साहात एकेक जण तीन-तीन कामांना नाव देई आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ येईतो एकाही कामावर दिसत नसे. मंडळीतले जाणते वडीलधारे म्हणूनच घरटी एकच काम देत आणि प्रत्येक कामाला दोन घरं जोडत, म्हणजे एक घर लग्नाला गेलं तरी घंटा वाजे. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रातलं (१०:२५) ‘एकत्र मिळणे’ न सोडण्याचं वचन त्यांनी असं पाळीच्या कागदावर उतरवलं होतं.

तो कागद दाराच्या आतल्या बाजूला डकवलेला असे. पहिली पाळी लगेच सोमवारी, बाकांखाली सांडलेली बाजरी झाडून काढायची.