मराठीचा तास आणि पाठ टाचण

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि त्यात शालेय आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाला, भरघोस वेळ मिळाला. मराठी अध्यापन पद्धती घेतलेल्यांना याचा विशेष लाभ झाला, असे माझे मत आहे. महाविद्यालयातील सूक्ष्म पाठात, म्हणजे एकाच अध्यापन कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, आपलेच सहाध्यायी बाकांवर बसतात, अपेक्षित तेच उत्तर देतात, आणि सहा मिनिटांत प्रश्न कौशल्य साध्य झाल्याचा शेरा मिळतो. बीड जिल्ह्यातील ज्या शाळेत मी सध्या शिकवते, तेथील आठवीचा वर्ग इतका आज्ञाधारक नाही, हे बरेच आहे.

पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी नियोजनात, ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात व ते दोन्ही आपणच आदल्या रात्री भरतो. विद्यार्थी काय म्हणतील हे आधीच लिहून ठेवल्यामुळे त्याहून वेगळे उत्तर आले की तो व्यत्यय वाटू लागतो. इतर विषयांत हे कदाचित चालून जाईल. भाषेच्या तासाला मात्र रकान्यात नसलेले उत्तर हेच खरे कामाचे असते, कारण मूल तेव्हा पुस्तकातली ओळ परत न करता स्वतःचे वाक्य जुळवत असते.

आमच्या वर्गातील काही मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. ‘माझ्या परिचयाचे एक काम’ या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा एरवी चार ओळींवर न जाणाऱ्या एका मुलाने पानभर मजकूर लिहिला. तोडलेल्या उसाचा पाला काढून तो कसा साळायचा, वाढ्याला म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला पीळ देऊन त्यानेच मोळी कशी बांधायची आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना पाय कसा टाकायचा, हे त्याने क्रम न चुकवता सांगितले होते. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होता, ‘पाणी’चे ‘पानी’ झाले होते, ‘बांधायलेत’, ‘चढायलेत’ अशी आपल्याकडची रूपे होती; परंतु कृतिवर्णनात आम्ही जे गुण शोधायला शिकतो, ते सगळे तेथे होते. अशा वहीवर आधी लाल शाई फिरवणे मला पटत नाही. मजकूर मुलाने वर्गात मोठ्याने वाचावा, इतरांनी शंका विचाराव्यात आणि मग शुद्धलेखनाकडे वळावे, हा क्रम मला योग्य वाटतो. अर्थात प्रमाण भाषा शिकवायचीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. पुढे अर्ज आणि परीक्षा तिच्यातूनच द्यायच्या आहेत.

कवितेबाबत माझे मत याहून ठाम आहे. ज्या पैठणला एकनाथांनी भारुडे रचली ते आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे, आणि तरीही भारूड आपण फळ्यावर शब्दार्थ लिहून शिकवतो. भारूड हे सोंग घेऊन सादर करायचे असते. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी पालुपद उचलायचे. तसे केल्यावर रूपकाचा अर्थ मुलांनीच विचारला, आणि त्या प्रश्नानंतर दिलेले स्पष्टीकरण त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

औपचारिक पत्रलेखनासाठी पुस्तकातील काल्पनिक विषय बाजूला ठेवून खरा विषय घेतला: सायंकाळची एस.टी. शाळा सुटण्याआधीच निघून जाते, तेव्हा तिची वेळ बदलावी म्हणून आगारप्रमुखांना पत्र. मायना, विषय, प्रति यांची जागा मुलांनी नमुना पाहून स्वतःच ठरवली. मुलींचे म्हणणे होते की अंधार पडल्यावर पायी जावे लागते हे कारण सर्वांत आधी यावे. मुलांना किती विद्यार्थ्यांकडे पास आहेत तो आकडा आधी हवा होता, कारण आगारात आकडाच बघतात. वाटेवरच्या वाड्यांची नावे विषयाच्या ओळीत घालायची की मजकुरात, यावर वाद चालू असतानाच तास संपला.