रातांब्याच्या सालीपासून बीपर्यंत : आमची वाटचाल

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि मृगाच्या सरी आल्या की आमसुलाचं वाळवण आटोपतं. त्यामुळे कोकमाच्या धंद्यात नवी कल्पना आजमावायला वर्षातून जेमतेम दोन महिने मिळतात. आमच्याकडे म्हणून पहिल्यापासून एक नियम आहे: नवा प्रयोग १० किलो सालीवरच करायचा. तेवढी साल वाया गेली तरी मन खचत नाही, आणि जमलं तर मोठ्या लॉटला हात घालायचा धीर येतो.

आमचं मुख्य उत्पादन सरबताचा पाक. १ किलो सालीला २ किलो साखर, थरावर थर, रोज ढवळत ७ दिवस, मग गाळायचं. शिजवायचं नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायचं उपकरण) ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं शेकडा प्रमाण, ६५ भरलं पाहिजे. कमी भरलं तर पाक आंबून बाटली फसफसायची भीती. टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट घालतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट इथे चालत नाही, कारण त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड कोकमाचा लाल रंगच उडवतो. लोखंडी भांडंही वर्ज्य, रस काळवंडतो.

खरी कसोटी रंगाचीच. दुकानदाराला भडक लाल पाक हवा असतो. कृत्रिम रंग घालणार नाही, हे त्याला ठामपणे सांगायला लागणारा आत्मविश्वास आम्हाला एका वहीने दिला. प्रत्येक लॉटच्या तीन बाटल्या ठेवायच्या, एक उन्हात, एक कपाटात, एक फ्रीजमध्ये, आणि कुठला रंग कधी उतरला ते लिहायचं. उन्हातली सगळ्यात आधी तपकिरी पडते. बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यातून द्यायची, हे त्या नोंदी बघतानाच सुचलं. कल्पकता म्हणतात ती बहुतेकदा एवढीच असते, पण खोक्याचा खर्च किमतीत धरायलाही छाती लागते!

बियांचं गाडं मात्र कागदपत्रांवर अडतं. बी कडक वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळली की तेल वर येतं आणि थिजल्यावर त्याची मुठेलं, म्हणजे गोळे, वळतात. बी ओलसर राहिली तर बुरशी धरते, तेलाला खवट वास येतो. हे तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून ओठांच्या बामला उत्तम. पण बाम सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. खाद्यपदार्थांच्या परवान्यावर तो बनवता येत नाही, वेगळा परवाना आणि त्यासाठी वेगळी जागा लागते. ती होईपर्यंत आमची मुठेलं साबण करणाऱ्यांकडे जातात.