नाजूक माशांचे सोबती : आमची वाटचाल

आमचा व्यवसाय मासे विकण्यापासून सुरू झाला नाही. मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही दोघं घरोघरी आणि कार्यालयांत जाऊन फिशटँकची देखभाल करायचो. पाणी बदलायचं, फिल्टरचा स्पंज धुवायचा, काचेवरचं शेवाळ खरवडायचं, वाढलेल्या वनस्पती छाटायच्या. या कामामुळे विक्रेत्याला सहसा न दिसणारी गोष्ट आम्हाला रोज बघायला मिळाली, ती म्हणजे मासा घरी गेल्यानंतरचे दोन-तीन महिने. विक्रीच्या टाकीत जवळजवळ सगळेच मासे शांत वाटतात. तिथे गर्दी असते, कुणाचीच हद्द ठरलेली नसते आणि बहुतेक मासे अजून पिल्लंच असतात. घरच्या टाकीत जागा मिळते, वय वाढतं, आणि मग एकेकाचा स्वभाव उघड होतो.

त्या काळात सर्वांत जास्त भेटायचा तो फाटक्या शेपटीचा फायटर, म्हणजे बेटा मासा. मालक पर कुजण्यावरचं औषध घालून घालून थकलेले असायचे आणि शेपटी काही भरून येत नसायची. कुजणाऱ्या पराची कड पांढुरकी किंवा काळपट होते आणि झीज हळूहळू बुडाकडे सरकते. चावा घेतलेला पर वेगळा दिसतो. त्याचा सरळ तुकडाच गेलेला असतो, उरलेली कड निरोगी असते, आणि हे बहुधा एका रात्रीत होतं. शेजारी सर्पे टेट्रा, स्कर्ट टेट्रा किंवा टायगर बार्ब असले, तर औषधाने काहीही साधत नाही. त्यांना दुसरीकडे हलवावंच लागतं. फायटरचे लांब पर पाण्यात सतत लहरत असतात, कुरतडण्याची सवय असलेल्या माशाला ते दिवसभर खुणावतात, आणि एवढा पसारा घेऊन फायटरला वेगाने पळताही येत नाही.

बहीण नोंदवही ठेवायची. कुठल्या टाकीत कोण कोणाबरोबर आहे, तापमान किती, कोण खातंय, कोण कोपऱ्यात बसलंय, आणि पुढच्या भेटीत काय बदललं. आम्ही स्वतः मासे विकायला लागलो तेव्हा ही नोंदवही आमचं खरं भांडवल होती. मोजक्या जाती ठेवायच्या, त्यातही नाजूक माशांवर लक्ष द्यायचं, आणि प्रत्येकाबरोबर त्याला मानवणारे सोबतीच सुचवायचे, असं तिच्यावरूनच ठरलं.

आमची पद्धत सांगायला सोपी आहे. टाकीत सर्वांत नाजूक कोण असणार ते पहिल्यांदा ठरवायचं. पाणी, तापमान, खाणं, सोबती, सगळं त्याच्या सोयीने. प्रत्यक्षात बहुतेक टाक्या उलट्या क्रमाने भरतात. आधी रंगीत, चपळ मासे जमतात, टाकी छान चालली आहे असा विश्वास येतो, आणि मग हौसेने डिस्कस (थाळीसारखा चपटा, नाजूक मासा) किंवा रॅम (छोटा, बुजरा मासा) आणला जातो. तोवर पाणी आणि खाण्याचा वेग दोन्ही इतरांनी ठरवलेले असतात.

पहिली गाळणी तापमानाची. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस लागतं. त्याच्याबरोबर ठेवायला म्हणून लोक निऑन टेट्रा मागतात, कारण फोटोंत तसंच दिसतं. फोटोतले मासे पुष्कळदा कार्डिनल टेट्रा असतात. निऑनची लाल पट्टी शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात असते, कार्डिनलची जवळजवळ गळ्यापासून शेपटीपर्यंत जाते. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. निऑनला २१ ते २५ अंश मानवतं, कार्डिनल डिस्कसची ऊब सहज सोसतो. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढते. निऑन त्या पाण्यात लगेच मरत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. तो झिजत जातो आणि काही महिन्यांत एकेक करून कमी होतो. तळाशी राहणाऱ्या कोरी माशांमध्येही तेच. बऱ्याच जातींना डिस्कसच्या टाकीतली उष्णता झेपत नाही, स्टर्बाय कोरीला झेपते. म्हणून आमच्याकडे डिस्कसच्या टाकीच्या तळाशी स्टर्बायच असतात, आणि वर कार्डिनलचा मोठा थवा.

दुसरी गाळणी खाण्याच्या वेगाची. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. 'शांत मासा' म्हणून जी जात ओळखली जाते ती कुणाला चावत नाही, एवढंच त्या शब्दातून कळतं. पण न चावताही दुसऱ्याला उपाशी ठेवता येतं. फॅन्सी गोल्डफिशचं उदाहरण घ्या. बबल आय जातीच्या डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या मोठ्या पिशव्या असतात आणि पाठीवर परच नसतो. त्यामुळे पोहताना तोल सांभाळणं त्याला कठीण. सेलेस्टियलचे डोळे कायम वरच्या दिशेने असतात, समोर पडलेला दाणा त्याला नीट दिसत नाही. याच टाकीत कॉमेट सोडला तर? दोघेही गोल्डफिशच, पाणी सारखं, तापमान सारखं, भांडण कसलंच नाही. तरी कॉमेट सगळं खाणं संपवतो तेव्हा बबल आयला खाणं आल्याचा पत्ताही लागलेला नसतो. म्हणून आमच्याकडे लांबट शरीराचे वेगवान गोल्डफिश आणि गोल शरीराचे फॅन्सी गोल्डफिश कधीच एका टाकीत नसतात. बबल आय, सेलेस्टियल आणि मोठ्या डोळ्यांचे टेलिस्कोप यांनाही आम्ही रांचू, ओरांडा या इतर फॅन्सी जातींपासून वेगळं ठेवतो. बबल आयच्या टाकीत टोकदार दगड किंवा सजावट तर नकोच, कारण पिशवी फाटली तर ती पूर्ववत होईलच असं नाही.

कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आम्ही पहिल्यांदा हेच शिकवतो : खाणं टाकल्यावर नजर टाकीतल्या सर्वांत संथ माशावर ठेवायची. चपळ मासे आपलं लक्ष वेधून घेतात आणि 'सगळे छान खातात' असा समज होतो. संथ माशाच्या तोंडात किती घास गेले, खाल्लेलं त्याने परत थुंकलं का, दुसऱ्या कुणी आडवं आल्यावर तो मागे सरला का, हे बघायचं. पोट आत गेलेलं आणि डोक्यामागचा भाग खोलगट झालेला दिसला की उपासमार बरीच आधीपासून चालू आहे असं समजायचं. मासा देण्याआधी ग्राहकासमोर त्याला खाऊ घालायचा रिवाज आम्ही इथूनच सुरू केला. यात वेळ जातो आणि गर्दीच्या दिवशी मागे रांग लागते, पण तो मोडायचा विचार आमच्या मनात आलेला नाही.

शेवाळ खाणाऱ्या माशांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे फसगत फार होते. टाकी स्वच्छ राहावी म्हणून चायनीज अल्गी ईटर घेतला जातो. लहानपणी तो खरोखर शेवाळ खातो. मोठा होताना त्याची शेवाळाची आवड कमी होत जाते, हद्द राखायची सवय वाढते, आणि रुंद, चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून तो त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर चाटू लागतो. डिस्कस आणि एंजल यांची शरीरं त्याला अगदी सोयीची पडतात. कॉमन प्लेको, ज्याला सगळे सकर म्हणतात, तोही मोठा झाला की असं करू शकतो, आणि हे बहुतेक रात्री घडतं. सकाळी डिस्कसच्या बाजूला खरवडल्यासारखे लालसर डाग दिसतात आणि सगळे रोग शोधत बसतात. डिस्कसच्या अंगावरचा तो थर साधासुधा नसतो. त्याची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापांच्या अंगावर स्रवणाऱ्या याच थरावर वाढतात. तो खरवडला गेला की संसर्गाला वाट मोकळी होते. डिस्कस, एंजल किंवा फॅन्सी गोल्डफिश असलेल्या टाकीसाठी आम्ही या दोन्ही जाती देत नाही. काचेवरचं शेवाळ हाताने काढा, दिव्याचे तास कमी करा, असं सांगतो.

मग शेवाळ खाणारा छोटा ओटोसिंक्लस चालेल का? डिस्कसबरोबर काही अंशी, पण गोल्डफिशबरोबर नाही. ओटोसिंक्लसच्या आणि कोरीच्या परांत टणक काटे असतात आणि धोका वाटला की ते ताठ उभे राहतात. गोल्डफिश जे तोंडात मावेल ते तोंडात घेऊन बघतो. असा मासा घशात अडकला की दोघांचाही जीव जातो. तोंडाचं माप हा तसा सगळ्यांत जुना नियम आहे, पण तो आजच्या मापावर लावून चालत नाही. छोटा एंजल आणि निऑनचा थवा काही महिने सुखाने नांदतात. एंजल पूर्ण वाढला की सडपातळ निऑन त्याच्या तोंडात बसतो, आणि मग सकाळी मोजायला गेलं की संख्या कमी भरते. डेनिसोनी बार्बचंही तसंच. पश्चिम घाटातला हा देखणा मासा, २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला सह्याद्रिया हे नाव मिळालं. विक्रीला येतो तेव्हा बोटभर असतो, पुढे दहा सेंटिमीटरच्या वर जातो, आणि थव्याने टाकीभर धावत राहतो. त्याला वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं, फार गरम नसलेलं पाणी आवडतं. तो आक्रमक नाही, पण त्याच्या धावपळीत लाजाळू मासा दिवसभर आडोशाला बसून राहतो. लांब टाकी असलेल्यांना आम्ही तो आनंदाने देतो, संथ माशांच्या टाकीसाठी देत नाही.

संख्येच्या बाबतीत आमच्यावर संशय घेतला जातो. दोनच टेट्रा मागितले तर आम्ही देत नाही, किमान सहा घ्या म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं की हे विक्री वाढवायला चाललंय. थव्याने राहणारा मासा एकटा-दुकटा पडला की एकतर भेदरतो किंवा आपली सगळी ऊर्जा दुसऱ्यांवर काढतो. टायगर बार्बचा मोठा थवा असला तर त्यांची बरीचशी खेचाखेच आपसांत चालते, दोन-तीनच असले तर शेजाऱ्यांच्या परांवर. जागा लहान असेल तर आम्ही ती जात घेऊच नका असं सांगतो, आणि हे ऐकल्यावर संशय बहुधा निवळतो. थव्याचा नाजूक माशालाही फायदा होतो. रॅमसारखा बुजरा मासा वर छोटे मासे निर्धास्त पोहताना दिसले की स्वतःही बाहेर येतो. ते दडून बसले की हाही दडतो.

व्यवसाय म्हणून आम्हाला सर्वांत जड गेला तो विलगीकरणाचा निर्णय. नवा आलेला प्रत्येक मासा आमच्याकडे चार आठवडे वेगळ्या टाकीत राहतो. त्या टाकीची जाळी, नळी, बादली सगळं वेगळं. त्या काळात पैसा अडकून पडतो, जागा अडते, आणि मागणी असलेला मासा समोर दिसत असूनही विकता येत नाही. पण सोबती निवडताना स्वभाव आणि पाणी जुळलं आणि अंगावरचे परजीवी मात्र बघितले नाहीत, तर सगळी निवड फुकट जाते. एंजल वरून ठणठणीत दिसत असताना त्याच्या अंगावरचं काहीतरी डिस्कसला भोवू शकतं. एका पुरवठादाराने आमच्याशी व्यवहार थांबवला, कारण मासे एवढे दिवस थांबवून मग तक्रार करणं त्यांना मान्य नव्हतं. आम्ही दुसरा शोधला. ग्राहकांनाही आम्ही घरी एक छोटी जादा टाकी ठेवायचा आग्रह करतो. चालू टाकीत वापरात असलेला फिल्टर स्पंज तिच्यात सरकवला की ती लगेच वापरता येते.

काही गोष्टींना आम्ही सरळ नाही म्हणतो. पी पफर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, डोळे फिरवत बघणारा, फार गोड मासा आहे. तो फायटरच्या किंवा गप्पीच्या टाकीत गेला की त्यांच्या परांचे तुकडे करतो, म्हणून फक्त स्वतंत्र टाकी असणाऱ्यालाच देतो. दोन नर फायटर एकत्र ठेवायचे नाहीत हे सर्वांना माहीत असतं, पण फायटर आणि गुरामी हे जवळचे नातेवाईक आहेत आणि त्यांच्यातही जुंपते, हे पुष्कळांना नवीन असतं. समुद्रघोडा आम्ही ठेवतच नाही. त्याला पोटच नसतं, दिवसातून अनेकदा खायला लागतं, आणि तो इतका सावकाश खातो की क्लाउनफिशसारखा साधा शेजारीही त्याला उपाशी पाडतो. शिवाय २००२ मध्ये त्याच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. समुद्रघोडा मागायला येणाऱ्याला आम्ही दोन खुर्च्या मांडून हे सगळं समजावतो, आणि बहुतेक जण विचार बदलून उठतात.

एवढं करूनही प्रत्येक मासा पुस्तकाप्रमाणे वागेल अशी हमी आम्ही देत नाही. एक फायटर कोरींच्या मधोमध निवांत झोपतो, दुसरा गोगलगायीलाही सोडत नाही. म्हणून सोबत्यांमध्ये बेबनाव झाला तर मासा परत आणा, असं विकतानाच सांगतो. परत आलेला मासा आधी विलगीकरणात जातो आणि त्याचा स्वभाव नोंदवहीत लिहिला जातो. ही नोंद पुढच्या ग्राहकाला दाखवतो. 'हा भांडकुदळ आहे, एकटाच राहील' असं लिहिलेला मासा मुद्दाम मागणारेही असतात, आणि त्यांच्याकडे तो छान राहतो.

सध्या आमच्याकडे चॉकलेट गुरामीचा एक गट आहे. काळपट, मऊ, आम्लधर्मी पाणी लागणारा, फार बुजरा, ज्याची मादी अंडी तोंडात सांभाळते असा हा मासा. त्याच्याबरोबर चिली रासबोरांचा मोठा थवा ठेवला आहे, कारण ते जेमतेम दोन सेंटिमीटरचे असतात आणि त्यांनाही तसंच पाणी चालतं. गुरामी आता खाण्यासाठी वर येऊ लागले आहेत. ज्यांना हवे आहेत त्यांची यादी तयार आहे, पण आधी त्या प्रत्येकाच्या टाकीचं पाणी तपासायला बहीण स्वतः जाणार आहे.