वर बर्फ, खाली कोमट

मे महिन्यात आईचा फोन आला तेव्हा इथं जर्मनीत सकाळचे सात वाजले होते, कोल्हापुरात साडेदहा. "अरे, फ्रिज गार करेना झालाय. बाबांनी गंगावेशीतनं आणलेलं दूध नासलं बघ. मेकॅनिक येऊन गेला, म्हणतोय गॅस संपलाय."

दुधाचं एक वेळ चालेल, पण आत बाबांची इन्सुलिनची न उघडलेली पेनं होती. ती २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. आधी ती शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये पाठवली. फ्रीझरमध्ये अजिबात नको, हे आईला दोनदा बजावलं, कारण गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरता येत नाही.

मग विचारलं, "वरचा बर्फ वितळलाय का गं?"

"नाही की. वर टणक आहे. खालीच कोमट लागतंय."

इथंच माझा जीव भांड्यात पडला. गेल्या हिवाळ्यात माझ्या फ्रिजनं हेच केलं होतं. जर्मनीत भाड्याची घरं बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवायच मिळतात, ओटा आणि फ्रिज आपला आपण आणायचा. मी जुना घेतला होता. तो बिघडल्यावर गावातल्या रिपेअर कॅफेत गेलो. स्वयंसेवक जमतात आणि लोकांच्या बिघडलेल्या वस्तू त्यांच्यासोबत बसून दुरुस्त करतात, अशी ही चळवळ २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली. फ्रिज काही उचलून नेता येत नाही, म्हणून फोटो नेले. एका निवृत्त आजोबांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंडावा एकाच जागी तयार होतो, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआडच्या कॉइलवर. तिथला पंखा गार हवा खाली ढकलतो. कॉइलवर साचणारं हिव वितळवायला ठरावीक वेळानं एक हीटर चालतो. तो बंद पडला की हिवाचा दगड होतो, हवेची वाट बुजते. वर बर्फ तसाच, खाली दूध नासतं. गॅस तर बंद नळीत फिरत राहतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला तर कुठंतरी गळती असते, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघूनच जाणार. शिवाय गॅस गेलेल्या फ्रिजमध्ये बर्फ सहसा इतका टणक राहत नाही.

व्हिडिओ कॉल लावला. दाराच्या रबरात आईनं दहाची नोट धरली, दार लावून ओढली. नोट घट्ट बसली होती, म्हणजे रबर चांगलं. (युरोपात २०२१ पासून नियमच आहे, नव्या फ्रिजच्या दाराचं रबर गिऱ्हाइकाला १० वर्षं मिळालं पाहिजे. असा नियम आपल्याकडंही हवा.) मग दार उघडं ठेवून दिव्याचं बटण बोटानं दाबायला सांगितलं, म्हणजे दार लागलंय असं फ्रिजला वाटतं. पंखा लागला, पण खर्र खर्र आवाज करत, पातं बर्फाला घासत होतं. फोन जाळीजवळ नेल्यावर पांढरा थर मलाही दिसला.

"सुरीनं खरवडू का?"

"नको गं आई! आतली नळी फुटेल." आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

प्लग काढला, दोन्ही दारं उघडी टाकली, खाली जुनी धोतरं अंथरली. बाबा रात्री दोनदा उठून पाणी पिळत होते. पूर्ण २४ तासांनी फ्रिज चालू केला आणि संध्याकाळपर्यंत खालचा कप्पा गार झाला.

पण नऊ दिवसांनी पुन्हा तेच. म्हणजे हीटर लागतच नव्हता. यावेळी आईनं दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं आणि स्वतःच सांगितलं, "गॅस राहू दे, आधी डिफ्रॉस्टचं बघा." त्यानं मीटर लावला. हीटर शाबूत होता, त्याला चालू-बंद करणारं बायमेटल गेलं होतं. बोटभर जिन्नस, अर्ध्या तासात बदलून झाला.

आता मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर असतो. परवा आईनं फोटो पाठवला, ४ अंश. ग्लासामागं दुधाचं पातेलं, वर जाड साय, आणि कडेला बाबांची पेनं.