सुसज्ज

ब्रोकरनं कोरा फॉर्म दिला आणि म्हणाला, बोटीवर जे जे आहे ते सगळं लिही, काही सोडू नकोस. अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसच्या बॅक क्रीकमध्ये, धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या केबिनमध्ये बसून मी लिहायला घेतलं. दहा मिनिटांत पहिलं पान भरलं. मग दुसरं. तिसऱ्या पानावर 'नांगर – ३' असं लिहीत होतो, तेव्हा बायको समोरच्या बाकावरून म्हणाली, "तीन? आपलं एक टाकतानाच भांडण व्हायचं."

त्या तीन पानांचा अर्क काढून ब्रोकरनं जाहिरातीत जो शब्द घातला, त्याला मराठीत 'सुसज्ज' म्हणावं लागेल. १९८६ ची कॅटालिना ३०, सुसज्ज, लांबच्या प्रवासाला तयार. यात खोटं काहीच नव्हतं. बोट तयारच होती. मालकाच्या तयारीबद्दल जाहिरातीत काही लिहायची पद्धत नाही, हे माझं नशीब.

मी नागपूरचा. कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्र जवळ नाही असं गाव. आमचं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव, तोही काठावर बसून दाणे खाण्यापुरता. २०१० च्या मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. नऊ महिने, वाटेत फक्त चार थांबे. ही बातमी मी मेरीलँडमधल्या ऑफिसात, डबा खाता खाता वाचली आणि डबा तसाच राहिला. त्यांच्या पाठीशी नौदल होतं आणि हाडात मुरलेला समुद्र होता. माझ्या पाठीशी गृहकर्ज होतं. तरी पुढच्या वर्षी मी बोट घेतली. पृथ्वी वगैरे नको, आपण एखाद्या हिवाळ्यात बहामापर्यंत जाऊन येऊ, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बघू." या 'बघू'चा अर्थ पंचवीस वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवा होता.

कॅटालिना ३० म्हणजे शिडाच्या बोटींमधली बजाज चेतक. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अशा सहा हजारांहून जास्त बोटी बांधल्या गेल्या, त्यामुळे धक्क्यावरच्या दर दुसऱ्या माणसाच्या काकाकडे एक होती आणि प्रत्येकाकडे तिच्याबद्दल सल्ला होता. तीस फूट लांब, साडेचार टनांहून थोडी जड; त्यातलं दोन टनांच्या आसपास नुसतं शिसं, बोट कलंडू नये म्हणून तळाला पंखासारखं लावलेलं. आमचं डिझेल इंजिन कुबोटाच्या, म्हणजे ट्रॅक्टरवाल्या कुबोटाच्या इंजिनावर बेतलेलं. सुरू करण्याआधी चेतकसारखं तिरकं करावं लागत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

नाव ठेवलं 'अंबाझरी'. इथल्या लोकांना ती एखादी इटालियन दारू वाटायची. रेडिओवर पूल उघडायला सांगताना स्पेलिंग फोडून सांगावं लागे: अल्फा, माइक, ब्राव्हो, अल्फा, झुलू, अल्फा, रोमिओ, इंडिया. शेवटच्या शब्दाला माझा आवाज उगाच चढतो, असं बायकोचं म्हणणं.

आता सामानाचं. दर हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर ठोकळ्यांवर, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असायची आणि मी घरी बसून दर्यावर्दी लोकांचे अनुभव वाचायचो. अनुभव म्हटलं की वाईटच. फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधून गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहतो. त्यावर उत्तरेचा वारा सुटला की प्रवाह आणि वारा समोरासमोर येतात आणि लाटा भिंतींसारख्या उभ्या राहतात. हे वाचलं त्या आठवड्यात मी वादळी शीड मागवलं. नारिंगी रंगाचं, जाड कापडाचं, जेमतेम चादरीएवढं. कुणाची तरी बोट बुडाल्याचं वाचलं आणि लाइफ राफ्ट आला. मग ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहाला हाक मारणारं यंत्र. त्याची नोंदणी दर दोन वर्षांनी नव्यानं करावी लागते. संपर्कासाठी कुणाचं नाव द्यायचं या प्रश्नावर मी आणि बायको दर दोन वर्षांनी तोच वाद घालत असू, कारण मी तिच्या भावाचं नाव द्यायचो आणि तो फोन उचलत नाही. मग ऑटोपायलट. मग मोठ्या जहाजांना आपण दिसावं म्हणून एआयएस. मग या सगळ्यांना वीज लागते म्हणून सोलर पॅनल. एका वस्तूची सोय दुसरी वस्तू बघते आणि दुसरीची तिसरी. घरात मिक्सर आला की ओटा वाढवावा लागतो, तसं.

आम्ही बोट फिरवायचो त्या चेसापीक बेची, म्हणजे इथल्या उपसागराची, सरासरी खोली जेमतेम एकवीस फूट. आमच्या बोटीला सव्वापाच फूट पाणी लागायचं. इथलं मोठं संकट म्हणजे मऊ चिखलात रुतून भरतीची वाट बघणं, किंवा जुलैत वारा पडला की जेलीफिशच्या शेवयांमध्ये तरंगत राहणं. त्या कामी वादळी शीड उपयोगाचं नसतं. चकल्या लागतात.

लांब म्हणाल तर आम्ही एकदाच गेलो. २०१६ च्या ऑक्टोबरात, दोन आठवड्यांची रजा काढून, रंगीत तालीम म्हणून खाली, बेच्या तोंडाशी असलेल्या नॉरफोकपर्यंत. तिथून पुढे आतल्या आत, खाड्या-कालव्यांमधून फ्लोरिडापर्यंत जाणारा इंट्राकोस्टल वॉटरवे सुरू होतो. त्याचं शून्य मैल म्हणजे पोर्ट्समथसमोर तरंगणारा ३६ नंबरचा लाल बोया. आम्ही त्याला एक गोल फेरी मारली, फोटो काढला आणि मागे वळलो. रजा संपत आली होती. वळताना माझ्या डोक्यात आमचं झिरो माईल आलं: तो खांब, ते चार घोडे. शाळेत असताना सायकलनं रोज त्याच्या बाजूनं जायचो. घोड्यांचे पाय उचललेले, पण इतक्या वर्षांत जागचे हललेले नाहीत. मी हे बायकोला बोललो नाही. बोललो असतो तर ती म्हणाली असती, मग यात आपला घोडा कुठला?

असो. गुडघे कुरकुरायला लागले, धक्क्याचं भाडं दरवर्षी वाढत गेलं आणि गेल्या वसंतात आम्ही बोट विकायला काढली.

पहिला धडा ब्रोकरनं दिला: सामानाचे पैसे मिळत नाहीत. सोळा हजार डॉलरच्या बोटीत तुम्ही बावीस हजारांचं सामान घातलंत म्हणून ती अडतीस हजारांची होत नाही. ती जुनी बोटच राहते, फक्त लवकर विकली जाते. दुसरा धडा: घरच्या वस्तू काढा, गिऱ्हाइकाला तिथे स्वतःला बघता आलं पाहिजे. म्हणून चार्ट टेबलावरचा गणपती घरी गेला, कुकर गेला, पोह्यांचा डबा गेला. हिंगाचा वास मात्र गेला नाही. ब्रोकर दोनदा हुंगून म्हणाला, "गॅस गळतोय का?"

आलेल्या गिऱ्हाइकांत एक तरुण जोडपं होतं. ती नर्स, तो घरून काम करणारा. दोघांनी घर विकलेलं. ती थेट पुढच्या केबिनमध्ये शिरली आणि पिशव्या उघडायला लागली. नारिंगी शीड बाहेर काढलं. कारखान्यातल्या घड्या जशाच्या तशा, इस्त्री केल्यासारख्या. "हे तर कधी वापरलेलंच नाही!" ती आनंदानं ओरडली. लाइफ राफ्ट, तेच. तिसरा नांगर, साखळीला चिखलाचा डाग नाही. प्रत्येक वस्तूला तिचं तेच वाक्य. आमच्या आईकडे काचेच्या कपाटात एक डिनर सेट होता, खास पाहुणे आले की काढायचा. तीस वर्षांत तेवढे खास कुणी आलं नाही. वाटण्या झाल्या तेव्हा तो बघून माझी वहिनी अगदी असंच म्हणाली होती.

मग तिनं विचारलं, "ही बोट कुठे कुठे गेली आहे?"

"नॉरफोक," मी म्हणालो. आणि ऐकायला बरं वाटावं म्हणून जोडलं, "जाऊन परत."

व्यवहार तपासणीच्या अटीवर ठरला. दोन जाड पट्ट्यांमध्ये बोट उचलून बाहेर काढली आणि सर्व्हेअर तिच्याभोवती हातोडी घेऊन फिरू लागला. खेळण्यातल्यासारखी छोटी हातोडी. दर चार बोटांवर एक टक. नारळवाला कानाशी नारळ धरून वाजवतो, तसा त्याचा कान लागलेला. तळ संपवून तो डेकवर चढला. टक, टक, टक, टक. मागच्या बाजूला आला आणि आवाज बदलला: ठप. त्यानं खडूनं गोल काढला. पुन्हा ठप. पुन्हा गोल. डेकच्या फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. वरून भोक पडलं आणि ते नीट बंद केलं नाही की पाणी आत झिरपत राहतं आणि लाकूड कुजतं. भोकं मी पाडली होती. सोलर पॅनलची चौकट बसवायला, एका रविवारी, व्हिडिओ बघून. म्हणजे नऊशे डॉलरच्या पॅनलनं भावातून दीड हजार कापून नेले. उरलेली बोट ठणठणीत होती. जिथे जिथे मी तिला सुसज्ज केलं नव्हतं, तिथे तिथे.

शेवटी साडेतेरा हजारांना गेली.

ताबा द्यायच्या आदल्या दिवशी आमचं म्हणून जे होतं ते उतरवलं. हत्यारांच्या पेट्या, पुस्तकं, डबाबंद छोल्यांचा सात वर्षांचा साठा. धक्क्यावर ढकलगाडीच्या अकरा खेपा. शेवटची खेप करून वळून बघितलं तर बोट पाण्यातून अर्धा-पाऊण इंच वर आली होती. शेवाळाची हिरवी रेघ कोरडी पडत होती आणि तिच्याखाली निळा रंग दिसत होता. मी तिला वजनाखालीच ओळखत होतो. चार्ट टेबलाच्या खणात एक वस्तू मुद्दाम ठेवली: बहामाचा झेंडा, वेष्टनासकट. परक्या देशाच्या पाण्यात गेलं की डोलकाठीच्या उजव्या बाजूला त्या देशाचा झेंडा लावायचा असतो. तीन पानांच्या यादीत तो नव्हता.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायको रात्री फोनमध्ये डोकं घालून बसली होती. एआयएसचं ते यंत्र बोटीचं नाव हवेत सांगत असतं आणि कुणालाही नकाशावर ते बघता येतं. नव्या मालकांनी यंत्रातलं नाव अजून बदललेलं नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनात, अल्बेमार्ल साउंडच्या मधोमध, एक छोटा त्रिकोण दक्षिणेकडे तोंड करून चालला होता. अंबाझरी. वेग ५.२ नॉट.

आम्ही दोघं बराच वेळ त्या त्रिकोणाकडे बघत होतो. तो फारसा हलत नाही, पण बघवतो.

"तिकडे पाऊस दाखवतंय," बायको म्हणाली. "डाव्या बाकावरची ती खिडकी नैऋत्येच्या पावसात गळते, खाली टॉवेल लावावा लागतो. सांगितलं होतं ना तुम्ही त्यांना?"

नव्हतं सांगितलं.